आत्या, बाबांचं दुकान आणि एक मेलेली लिंक

माझी आत्या काय काम करते हे सांगायची आमच्या घरात प्रत्येकाची वेगळी तऱ्हा आहे. आई म्हणते, "वन्सं लोकांच्या चुका काढतात आणि वर पगार घेतात." बाबा म्हणतात, "ताई पत्रं लिहिते." शेजारच्या काकूंनी एकदा थेट आत्यालाच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी ओळखी करून देते." त्यानंतर काकू आपल्या पुतण्याचा फोटो घेऊन दोनदा येऊन गेल्या.

काम असं आहे. कुणी वेबसाईट काढली म्हणून ती कुणाला दिसतेच असं नाही. माणसं सर्च इंजिनमध्ये काहीतरी शोधतात, यादी येते, आणि पहिल्या पाच-सहा नावांच्या खाली कुणी उतरत नाही. त्या यादीत वर कोण आणि खाली कोण हे ठरवताना सर्च इंजिन बरंच काही बघतं. त्यात एक गोष्ट मोठी असते: तुमच्याबद्दल दुसरं कोण बोलतंय. एखाद्या चांगल्या साईटने आपल्या पानावर तुमची लिंक दिली की तुमचं वजन वाढतं. नळ दुरुस्त करणारा स्वतःच "मी उत्तम" म्हणाला तर कोण ऐकतं? पण समोरच्या इमारतीतली बाई म्हणाली, "ह्याला बोलवा, पुन्हा गळत नाही," की आपण लगेच नंबर लिहून घेतो. आत्या ती समोरच्या इमारतीतली बाई शोधत असते.

ह्या कामात ती पंचावन्नाव्या वर्षी पडली. त्याआधी सव्वीस वर्षं ती एका मोठ्या वाचनालयात सूचीच्या टेबलावर होती. लाकडी खण, त्यात कार्डं, कार्डावर पुस्तकाचं नाव आणि कपाटाचा नंबर. पुस्तक एका कपाटातून दुसऱ्यात गेलं की कार्ड बदलावं लागे. ते राहिलं तर वाचक बिचारा तीन जिने चढून रिकाम्या फळीकडे बघत उभा राहायचा. आत्याला हे चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं. रोज दुपारी ती शंभर कार्डं घेऊन कपाटांमधून फिरायची आणि प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का ते बघायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही. कार्डं फार होती."

मग वाचनालयात संगणक आले, सूची त्यात गेली, आणि आत्याला लवकर निवृत्त व्हायला सुचवण्यात आलं. सुचवलं म्हणजे एक भाषण, चहा-बिस्किटं आणि भिंतीवरचं घड्याळ. पहिले दोन महिने तिने काय केलं, तर स्वयंपाकघरातले सगळे डबे वर्णानुक्रमे लावले. आई एकदा तिच्याकडे चहा करायला उभी राहिली आणि तिला साखर सापडेना.

"अहो वन्सं, साखर कुठे ठेवलीत?"

"अगं, स मध्ये बघ ना."

घरी येऊन आई मला म्हणाली, "तुझ्या आत्याला काहीतरी काम दे बाई. नाहीतर उद्या ती माझ्या घरातले डबे लावायला येईल."

मी तेव्हा नुकतीच इंजिनीअर होऊन एका छोट्या वेब कंपनीत लागले होते. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर सहा टेबलं, खालून सतत येणारी इस्त्रीची वाफ, आणि एकतीस वर्षांचा बॉस. लिंक मिळवायच्या कामाला आमच्याकडे माणूस टिकत नव्हता. दिवसाला दोनशे साईटवाल्यांना एकच मजकूर पाठवायचा: 'तुमची साईट अप्रतिम आहे, आमची लिंक द्या.' दोनशेंतला एखादा हो म्हणायचा. मी आत्याला घेऊन आले. बॉसने तिला तयार मजकूर दाखवला. तिने चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, "ह्यांची साईट अप्रतिम आहे हे तू वाचून ठरवलंस?"

"मॅडम, दोनशे साईट कोण वाचणार?"

"मग चारच वाचू."

आणि ती चार वाचू लागली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, खालच्या बारीक अक्षरासकट. वाचताना प्रत्येक लिंक दाबून बघायची. जुन्या साईटवर मेलेल्या लिंक ढिगाने असतात: पूर्वी जिथे पान होतं तिथे आता काहीच नाही. आत्याच्या दृष्टीने ती रिकामी फळीच. मग ती त्या साईटवाल्याला पत्र लिहायची. पत्रात स्तुती नसे. 'तुमचं पान शेवटपर्यंत वाचलं. तिसऱ्या परिच्छेदातली लिंक आता उघडत नाही. त्याच विषयावर आमच्याकडे एक पान आहे, वाचून बघा. योग्य वाटलं तर ठेवा, नाही वाटलं तर निदान मेलेली लिंक काढा, लोकांची फेरी फुकट जाते.' एवढंच.

आठवड्याने बॉस म्हणाला, "मॅडम, वेग थोडा कमी वाटतो."

"तुझ्या दोनशे पत्रांना एक जण हो म्हणतो. माझ्या चार पत्रांना एक जण हो म्हणतो. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे दिवसाला दोघांचंही एकच. मग उरलेल्या एकशे शहाण्णव माणसांना उगाच कशाला छळायचं? गणित होतं ना रे तुला इंजिनीअरिंगला?"

तेव्हापासून बॉस तिच्या टेबलाकडे जाताना आधी घसा खाकरतो.

तिच्याकडे एक जाड वही असते. तिच्यात प्रत्येक साईटवाल्याचं एक पान. हा सायकलींवर लिहितो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्याने पत्र टाकावं. ही बाहुल्यांचे कपडे शिवते, 'धन्यवाद' फार वेळा लिहिते, एकटी असावी. जुन्या शिलाई मशीनांबद्दल लिहिणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी तिला उत्तर पाठवलं होतं, 'आपण माझ्या पहिल्या वाचक आहात.' ती त्यांना अजून लिहिते. त्यात लिंकचा काही संबंध उरलेला नाही.

हे सगळं मजेत चाललं होतं, तोवर बाबांच्या दुकानाचा प्रश्न आला.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान आठ पावलांचं. एक काउंटर, मागे भिंतभर छोटे खण, त्यांत स्क्रू, सुया, बॉबिन, पट्टे. तेलाचा वास इतका मुरलेला की बाबा घरी आले की दार उघडायच्या आधी कळतं. दुकान एका गल्लीत आहे आणि गल्लीच्या तोंडाशी पूर्वी बसथांबा होता. उतरणाऱ्या माणसाला बाबांची पाटी दिसायचीच. दीड वर्षापूर्वी थांबा पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर गेला आणि गल्ली ओस पडली. जुनी गिऱ्हाइकं येत, पण जुन्या गिऱ्हाइकांची मशीनं बाबांनी इतकी नीट करून ठेवली होती की ती बिघडतच नसत.

दुकानमालकाने सांगितलं, करार चार महिन्यांनी संपतो. पुढची तीन वर्षं घ्यायची तर सही करा, नाहीतर मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण तयारच आहे. मामाने लगेच बाबांसाठी रेडीमेड कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरची नोकरी बघून ठेवली. "खुर्ची आहे, एसी आहे, भाऊजी. आता आराम करा."

"रेडीमेड?" बाबा म्हणाले. "ज्यांच्यामुळे लोकांनी शिवणं सोडलं त्यांच्याच दारात उभा राहून सलाम करू?"

"मग ह्या रिकाम्या दुकानात काय माशा मारणार?" आई म्हणाली.

बाबांनी थोडा विचार केला आणि जाहीर केलं, "शेवटच्या महिन्यात रोज एक अनोळखी माणूस मशीन घेऊन दुकानात आला पाहिजे. रोज एक. तेवढं झालं तर सही करतो. नाही झालं तर किल्ली देतो आणि खुर्चीवर बसतो." बाबांचं बोलणं असं असतं. एकदा माप ठरलं की सूतभर इकडेतिकडे नाही.

मी त्यांची वेबसाईट बनवली. बाबा काम करता करता सांगत, मी टाईप करी. दोरा सारखा का तुटतो, खालचा टाका सैल का पडतो, मशीन चालताना खडखड का करतं. अशी चौदा पानं झाली. इतकं स्वच्छ समजावलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलं नव्हतं. सर्च केलं तर आमची साईट नवव्या पानावर. नवव्या पानावर दोनच प्रकारची माणसं जातात: ज्याची साईट तिथे आहे तो, आणि त्याच्या घरचे.

"आत्या, पाचशे लिंकचं पॅकेज मिळतं," मी म्हणाले. "सात दिवसांत पाचशे. घेऊन टाकू?"

"गल्लीत नवीन आलेल्या माणसाबद्दल एकाच दिवशी पाचशे जण येऊन सांगायला लागले की हा फार सज्जन आहे, तर तू काय समजशील?"

"की हा चोर आहे."

"मग? सर्च इंजिन काय तुझ्यापेक्षा बावळट आहे? मी करते. रोज संध्याकाळी दोन तास. ऑफिसचं काम नाही, भावाचं आहे."

पहिली लिंक मिळाली ती बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईंच्या साईटवरून. मी उड्या मारत दुकानात गेले. बाबांनी स्क्रीन बघितली.

"बाहुल्या?"

"बाबा, चांगली साईट आहे ती."

"तीस वर्षं काम केलं, आणि माझी साक्ष द्यायला कोण, तर बाहुली." पण नंतर त्यांनी तो फ्रॉक मोठा करून बघितला आणि टाका बारीक असल्याचं कबूल केलं.

मग एका शाळेतल्या हस्तकलेच्या बाईंनी लिंक दिली, मग जुन्या मशीनवाल्या गृहस्थांनी, मग आणखी चार जणांनी. दोन महिने संपले तेव्हा आम्ही नवव्या पानावरून चौथ्यावर आलो होतो आणि आठवड्याला दोनेक अनोळखी माणसं दुकानात येत होती. आठवड्याला दोन म्हणजे रोज एक नव्हे. आई रोज रात्री ताटं घेता घेता विचारायची, "आज?" आणि बाबा मान हलवायचे.

तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला आत्याला ते पान सापडलं.

शिवणकाम शिकवणारी एक मोठी संस्था आहे. हजारो मुली तिच्या साईटवर धडे वाचून शिवायला शिकतात. त्या साईटवर एक पान होतं, 'मशीन बिघडलं तर', आणि त्यात एक ओळ: 'दुरुस्तीसाठी इथे विचारा.' त्या 'इथे'वर बोट दाबलं की काहीच उघडत नव्हतं. लिंक दीड वर्षं मेलेली होती. आमच्या धंद्यात ह्याला लॉटरी म्हणतात. एक पत्र टाकायचं, 'तुमची लिंक मेली आहे, तिच्या जागी ही घाला,' आणि बाबा एका उडीत पहिल्या पानावर.

आत्याने पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मला मोठ्या समाधानाने वाचायला दिलं. 'तुमच्या पानावरची दुरुस्तीची लिंक उघडत नाही. ज्यांची ती होती त्यांनी साईटचं नाव बदललं आहे. त्यांचा नवा पत्ता खाली देत आहे. जागा असल्यास माझ्या भावाच्या साईटचाही विचार करावा.'

मी तो नवा पत्ता उघडला आणि नाव बघून खुर्चीतून उठलेच. बाबा आणि तो माणूस एकाच उस्तादांकडे काम शिकले होते. उस्तादांनी दुकान बंद केलं तेव्हा त्यांची सगळी गिऱ्हाइकं त्या माणसाकडे गेली, कारण तो बाबांच्या एक दिवस आधी जाऊन त्यांना भेटला होता. त्याला एकोणीस वर्षं झाली. बाबा त्याचं नाव घेत नाहीत. आमच्या घरात त्याला 'पलीकडचा' म्हणतात.

"आत्या, हा पलीकडचा आहे!"

"माहीत आहे मला."

"आणि तरी तू त्याचा पत्ता दिलास?"

"अगं, लिंक त्याचीच होती."

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'मनापासून आभार. लिंक दुरुस्त केली आहे.' मी धावत पान उघडलं. पलीकडचा होता. एकटाच. आम्ही नव्हतो.

रविवारी दुपारी आत्या नेहमीप्रमाणे जेवायला आली. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, ही माझी चूक. आईने आत्याला वाढलं आणि म्हणाली, "पोटभर जेवा वन्सं. शत्रूची भरभराट करायला ताकद लागते."

"शत्रू कसला. त्याचा पत्ता चुकला होता."

"आपल्या घराला आग लागलीय आणि ह्या शेजाऱ्याच्या झाडांना पाणी घालतात! करार संपताना किल्ली द्यायची वेळ आली तर तुम्हीच नेऊन द्या मालकाला."

बाबा खाली मान घालून जेवत होते. घास संपवून त्यांनी विचारलं, "ताई, त्याने नाव बदललं होतं म्हणालीस. मग नवीन पत्ता सापडला कसा?"

"शोधला."

"किती वेळ लागला?"

"दीड तास."

"दीड तास," बाबा म्हणाले. ताट सारून उठले, हात धुतले, आणि रविवार असूनही दुकानाची किल्ली घेऊन निघून गेले.

मी आत्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले. कठड्याला धरून ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पुस्तकाच्या फळीवर आपलं पुस्तक नाही गं ठेवता येत."

"आणि बाबांची फळी? ती रिकामी झाली तर?"

ती एक एक पायरी उतरून गेली.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बाईंचं आणखी एक पत्र आलं. 'रोज वीस जण आम्हाला लिहितात, आणि सगळ्यांना स्वतःची लिंक हवी असते. दुसऱ्याचा पत्ता शोधून देणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आमच्या साईटवर तीनशेच्या वर पानं आहेत आणि ती तपासायला आमच्याकडे माणूस नाही. तुम्ही एकदा बघाल का?'

"बदल्यात लिंक मागा, मॅडम!" बॉस ओरडला. "एक तरी! ही संधी आहे!"

"मागून आणलेली शिफारस कोण मानतं रे?"

"सगळे मानतात! आपला धंदाच तो आहे!"

आत्याने फक्त 'बघते' असं कळवलं. मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. करार संपायला सात आठवडे उरले होते, बाबा तिच्याशी बोलत नव्हते, आणि ही बाई संध्याकाळचे ते दोन तास आता एका परक्या साईटची तीनशे पानं वाचण्यात घालवणार होती. तिच्या खोलीवर गेलं तर ती खिडकीपाशी उशी घातलेल्या खुर्चीत बसलेली, एक बोट स्क्रीनवर, दुसऱ्या हातात पेन्सिल. बाह्यांच्या धड्यावर आली होती. स्वतःला बटण लावता येत नाही तिला.

नवव्या दिवशी ती संध्याकाळी थेट बाबांच्या दुकानात आली. मीही तिथेच होते. तिने वहीतून फाडलेले कागद काउंटरवर ठेवले.

बाबा मशीनमध्ये डोकं घालून म्हणाले, "काय आहे?"

"प्रश्न आहेत. एकसष्ट. प्रत्येक धड्याखाली मुलींनी विचारून ठेवलेत. मशीनचे. लिंक मेलेली होती ना, मग खालीच विचारत बसल्या. कुणी उत्तरच दिलेलं नाही."

"मग पलीकडच्याला विचारा म्हणावं. त्याची लिंक आहे ना आता."

"तो त्याच्या दुकानात बघेल. हे प्रश्न कुणाच्याच दुकानात आलेले नाहीत, नुसते पडून आहेत. ही एक मुलगी चौदा महिने थांबली आहे. वाच तरी."

बाबांनी कागदाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण पहिला प्रश्न वर होता आणि अक्षर मोठं होतं. त्यांनी एक डोळा टाकला.

"'मशीन टाके सोडतं, मशीनच खराब आहे, फेकून देऊ का?'" ते वाचता वाचता ताठ झाले. "अगं सुई उलटी लावलीयस तू! मशीनला का शिव्या देतेस?"

"मग सांग की तिला."

"मी कशाला सांगू?" त्यांनी दुसरा कागद ओढला. "ही बघ. तेल कुठलं घातलंय, तर खोबरेल! केसांना लावायचं तेल मशीनला! ताई, हिला आधी सांग, आत्ताच्या आत्ता सांग, नाहीतर जाम होऊन बसेल!"

"चौदा महिन्यांपूर्वी घातलंय तिने."

"मग जाम झालंच असणार," बाबा कळवळून म्हणाले. "रॉकेलने धुवायला लागेल. लिही गं, लिही."

मी लॅपटॉप उघडला. चार संध्याकाळी बाबा सांगत होते आणि मी लिहीत होते. आत्या शेजारी स्टुलावर बसून शिव्या गाळत होती. तरी काही बाबांच्याच भाषेत राहिलं. 'मशीन मेलेलं नाही, उपाशी आहे. चार थेंब तेल पाजा, दहा मिनिटं थांबा, मग चाक हाताने फिरवा.' 'दोरा स्वस्त आणलात, आता मशीन महागात पडेल.' 'खडखड आवाज येतो म्हणता, कुठून येतो ते सांगत नाही. कान लावा आणि पुन्हा लिहा.'

आत्याने एकसष्ट उत्तरं आणि मेलेल्या एकशे आठ लिंकची यादी एकत्र पाठवून दिली. सोबत लिहिलं, 'उत्तरं माझ्या भावाने दिली आहेत. तो तीस वर्षं हेच करतो.' एवढंच. बॉसने कपाळावर हात मारला.

बाईंनी तीन दिवसांत सगळी उत्तरं लावली. प्रत्येक उत्तराखाली त्यांनी आपणहून एक ओळ घातली: 'उत्तर: मशीनवाले काका. सविस्तर माहितीसाठी त्यांची साईट बघा.' एकसष्ट ठिकाणी. त्या मुलींना बाबांचं बोलणं फारच आवडलं. 'उपाशी मशीन' कुणीतरी आपल्या ब्लॉगवर टाकलं, तिथून दुसऱ्या शिवणाच्या क्लासने उचललं, प्रत्येकाने खाली साईट दिली. ह्यातल्या कुणालाही आम्ही पत्र लिहिलं नव्हतं. शेवटचा महिना सुरू झाला तेव्हा आम्ही दुसऱ्या पानावर होतो आणि दहाव्या दिवशी पहिल्या पानावर, सहावे. आमच्या दोन घरं वर पलीकडचा होता.

बाबांनी आत्याला हळूच विचारलं, "त्याला कळलंय का, पत्ता कुणी शोधून दिला ते?"

"नाही. मी कशाला सांगू?"

"सांगूही नकोस. डोक्यावर बसेल."

त्या दोघांचं भांडण तिथे मिटलं असावं, कारण पुढच्या रविवारी त्यांनी तिच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

माणसं येऊ लागली. एक बाई मशीन मांडीवर घेऊन दोन बस बदलून आली. एक कॉलेजचा मुलगा आजीचं मशीन पाठीवर घेऊन आला, तो नाटकाचे कपडे शिवतो. कधी दिवसाला तिघं, कधी एकच. पण रोज एक तरी होतंच. आईचं "आज?" आता गाण्यासारखं येत होतं.

शेवटचा दिवस उजाडला आणि सकाळपासून दुकानात चिटपाखरू नाही. दुपार झाली, चार वाजले, पाच वाजले. सहाला मालक कराराचे कागद घेऊन येणार होते. आम्ही सगळेच दुकानात जमलो होतो, त्यामुळे आठ पावलांच्या जागेत गर्दी असल्यासारखं वाटत होतं.

"काल तिघं आले होते," आई म्हणाली. "त्यातला एक आजचा धरा."

"कालचे काल."

"महिन्याची सरासरी काढा हो! दीडच्या वर जाईल."

"रोज एक म्हणजे रोज एक. मी बोललोय."

"बोललोय म्हणे! राजाच लागून गेले!"

मालक आले, स्टुलावर बसले, कागद गुडघ्यावर ठेवले. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता, संस्थेतली कुणी मुलगी. तिने मशीन टेबलावर ठेवून कॅमेरा त्याच्यावर धरला होता आणि ती रडकुंडीला आली होती. "काका, खालचा दोरा वर येतच नाही."

"बॉबिन काढ बघू. अशी नाही, दुसऱ्या हाताने. आता दाखव. उलटी घातलीयस. फिरव. चाक आपल्याकडे फिरव, आपल्याकडे!" बाबांनी मालकांना हातानेच बसायची खूण केली. ते बसलेलेच होते. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. बाबा फोनमध्ये जवळजवळ शिरले होते.

आईचे डोळे चमकले. "अहो! अनोळखी आहे ना ती? आणि मशीन घेऊनच आलीय! झाला की एक!"

बाबांनी फोनवरून नजर न काढता विचारलं, "ताई, हिला धरायचं का?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. आत्याने चष्मा नीट केला.

"नाही," ती म्हणाली. "दुकानात आलेली नाही ती."

"वन्सं!" आई किंचाळली.

"अगं, तो 'दुकानात आला पाहिजे' असं म्हणाला होता. मी होते तिथे."

मालक एकदा आईकडे, एकदा आत्याकडे बघत राहिले. फोनमधून मुलीचा आवाज आला, "काका, टाका बसतोय थोडा, पण आवाज येतोय बघा."

बाबांनी फोन कानाला लावून ऐकलं. "शटलमध्ये काहीतरी अडकलंय. हे असं दुरून नाही जमायचं."

"मग मी उद्या घेऊन येऊ का? दुकान किती वाजता उघडतं?"

"साडेनऊला," बाबा म्हणाले. "लवकर आलीस तर बाजूच्या पायरीवर बस, मशीन जमिनीवर ठेवू नकोस."

फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांना काय बोलून बसलो हे कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी हाताला लागलेलं तेल फडक्याला पुसलं, एकेक बोट, अगदी सावकाश.

मालकांनी विचारलं, "मग काय करायचं? किल्ली देताय?"

"किल्ली कशी देणार? उद्या साडेनऊला ती पोरगी येतेय," बाबा म्हणाले. "आणा इकडे, सही कुठे करायची?"